शिजूनही लाल

हंबीरराव सावंतांच्या दारात त्या साली दोन रंगांची चर्चा होती. एक मटणाचा. ती पुढच्या अंगाला, खानावळीत, मोठ्यानं चालायची. दुसरी त्यांच्या तान्ह्या नातीच्या ओठांची. ती मागच्या अंगाला, चुलीपाशी, हळू आवाजात. मटण कितीही शिजवलं तरी आतून गुलाबी राहायचं, आणि पोर दिवसागणिक निळसर पडत चालली होती. मटणाच्या रंगाचं श्रेय हंबीररावांनी केव्हाच स्वतःच्या नावावर घेतलं होतं. पोरीच्या रंगापायी मात्र त्यांची झोप उडाली होती.

गोष्ट एक्कावन्न सालची. हंबीररावांचा जन्म एका सरदाराच्या मुदपाकखान्यात गेला. कोल्हापूरचं संस्थान विलीन झालं तसे सरदारांनी घोडे विकून टाकले. आचारी विकता येत नाही, म्हणून त्याला रिकामी पागा देऊन टाकली. शिवाजी पेठेच्या टोकाला दगडी, लांबलचक पागा आणि तिच्या मधोमध विहीर. पिढ्यान्‌पिढ्या त्या अंगणात घोडे उभे राहिले होते आणि घोडा उभा राहिला की जे जमिनीवर पडतं ते तिथंच मुरलं होतं. हंबीररावांनी पागा धुऊन घेतली, पुढं खानावळ घातली, मागं बिऱ्हाड थाटलं. पेठ हसली. "दावणीला आता माणसं बांधणार म्हणा की!" महिनाभरात तीच पेठ दावणीला येऊन बसली.

हंबीररावांची रीत सरदाराच्या मुदपाकखान्यातली. मटण रात्रभर मिठाच्या पाण्यात, माठात मुरत घालायचं, आणि मग मंद आचेवर शिजवायचं. पाणी अर्थात दारातल्या विहिरीचं. सुरुवातीला तालमीतल्या एका गड्यानं ताट मागं सारलं होतं.

"हंबीरराव, बकरं अजून जितं हाय की ओ! लालभडक हाय आतनं."

हंबीररावांनी त्याच्याच ताटातला तुकडा दोन बोटांत धरला. लोण्यासारखा सुटला.

"दाताला इचार की गड्या. डोळ्याला काय कळतंय?"

हे वाक्य पेठेत चाललं. पुढं पुढं लाल तुकडा नसला तर लोक संशय घ्यायला लागले. हंबीरराव स्वतःचा उजवा पंजा न्याहाळत म्हणायचे, "हाताचा गुण असतोय एकेकाच्या." हात खरंच गुणी होता. पण गुणी माणसाला आपल्या गुणाच्या जोडीनं शेजारच्याचाही गुण आपल्याच पदरी मांडून घ्यायची सवय असते, तशी ती हंबीररावांनाही होती.

मागच्या अंगाला एवढी हाताची बढाई चालत नव्हती. मुलगा कृष्णात बेळगावला पलटणीत. त्याची बायको बाळाबाई, बिद्री गावची. लग्नाला चार वर्षं झाल्यावर, नवससायास करून, ही मुलगी झाली. नाव इंदुमती, हाक छबू. बाळंतपणात बाळाबाईला ताप भरला आणि दूध आटलं. मग गाईचं दूध, निम्मं पाणी घालून. तेव्हापासून पोरीचे ओठ, नखं, कानाच्या पाळ्या निळसर दिसायला लागल्या. रडायला लागली की जास्तच. दम लागायचा. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, काळीज कमजोर असेल म्हणाले, आणि बजावलं, "पाणी चांगलं उकळून घालत जा."

हंबीररावांनी ते काम कुणाला दिलं नाही. बायको तानाबाई, सून बाळाबाई, दोघींना बाजूला सारलं.

"छाती बघायची ती डाक्टरनं. चुलीचं माझ्याकडं."

आणि उकळून थांबेल तो आचारी कसला! दूध आटवलं की बासुंदी होते, हाडं आटवली की अळणी रस्सा होतो. कस हवा तर आटवावं लागतं, हे त्यांचं जन्माचं शास्त्र. दुपारची पंगत उठली की भरली घागर मंद आचेवर ठेवायचे, समोर पाटावर बसायचे आणि घागरीचा तांब्या होईपर्यंत उठायचे नाहीत. तो तांब्याभर अर्क नातीच्या दुधात. ज्या माणसानं बायकोच्या बाळंतपणात स्वयंपाकघराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, तो नातीच्या पाण्यापुढं पूजेला बसावा तसा बसायचा. तानाबाई थट्टा करायची, "माझ्या येळंला असं बसला असता तर?" हंबीरराव निखारे सारखे करत म्हणायचे, "तवा मला येळ न्हवता."

खानावळीत एका कोपऱ्यात गोणपाटाचा पडदा होता. त्यामागं बुधवारी माधव मास्तर बसत. शाळेत विज्ञान शिकवत. घरी बायकोचं, मीनाक्षीवहिनींचं, सोवळं असं कडक, की कांदासुद्धा पाहुण्यासारखा दबकून यायचा. मास्तर मागच्या बोळातून येत, पडद्याआड जेवत, विडा खाऊन बोळातूनच जात. ते मटण खातात ही गोष्ट पेठेत फक्त मीनाक्षीवहिनींना माहीत नव्हती. आणि पेठेला माहीत आहे, हे फक्त मास्तरांना.

एका बुधवारी मास्तरांनी तुकडा उजेडाकडं धरला.

"हंबीरराव, खरं सांगा. सोरा घालता ना?"

"काय घालतो?"

"सोरा हो. बंदुकीच्या दारूतला. साहेब लोक मांसाला चोळतात, शिजल्यावरही लाल राहावं म्हणून."

"मास्तर," हंबीरराव पडदा अर्धा उचलून म्हणाले, "बामण म्हणून आडोशाला बसवतोय. पुन्यांदा सोरा म्हनलासा तर भाईर पंगतीत बसवीन. आनि नाव घिऊन वाढीन!"

मास्तर गप्प जेवले. पण विज्ञानाचा मास्तर गप्प बसला तरी त्याचं डोकं बसत नाही. जाताना त्यांनी बाटलीभर विहिरीचं पाणी मागून घेतलं. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घातला, नळी तिरपी धरून कडेनं गंधकाम्ल सोडलं. दोन थरांच्या मधे तपकिरी कडं उभं राहिलं, सुबक, बांगडीसारखं. पुढच्या बुधवारी मास्तर आले ते जेवणाआधीच बोलायला लागले.

"सोरा तुम्ही घालत नाही. विहीर घालते!"

"म्हंजे?"

"घोड्यांचं शेण-मूत वर्षानुवर्षं मुरलं, त्याचा जमिनीत सोरा झाला, तो पाण्यात उतरला. तुम्ही मटण रात्रभर त्या पाण्यात मुरवता. माठात सोऱ्याचं रूप पालटतं, त्यातून एक वायू सुटतो, अगदी बारीक कणांचा. आता मांसात एक लाल द्रव्य असतं. त्याच्या पोटात लोखंडाचा कण. हा वायू त्या लोखंडाला असा चिकटतो, असा चिकटतो, की शिजवलं तरी सुटत नाही. एरवी शिजल्यावर मांस करडं पडतं, ते इथं गुलाबी राहतं. माझ्या नळीतलं कडं तेच. तिथंही लोखंडच!"

हंबीररावांनी पळी खाली ठेवली.

"म्हंजे माज्या हाताला काय न्हाई?"

"चव तुमच्या हाताची आहे की. मिठाचा अंदाज तुमचा."

"आनि रंग घोड्याच्या शेणाचा."

"शेणाचाच असं नाही म्हणता येणार," मास्तर शास्त्राला जागून म्हणाले, "मुताचाही."

हंबीररावांनी पळी पुन्हा उचलली. मग पडदा नीट ओढून घेत म्हणाले, "मास्तर, ही गोष्ट हितंच ऱ्हाऊ द्या. तुमचं मटण माज्या पोटात, माजी हीर तुमच्या."

व्यवहार दोघांनाही परवडणारा होता. मास्तरांना एवढा सुंदर शोध लागूनही तो कुठं जेवताना लागला हे सांगायची सोय नव्हती. झाकणं बसली.

त्यानंतर तानाबाई आणि बाळाबाई पोरीला घेऊन नवस फेडायला बिद्रीला गेल्या. आठवडाभरानं परत आल्या तेव्हा हंबीररावांनी पोर हातात घेतली आणि बघतच राहिले. ओठ तांबडे. गाल पिकल्या बोरासारखे. पाय झाडत होती, मिशी ओढत होती. त्या दिवशी पंगतीत त्यांनी न मागता सगळ्यांना दुसरा तुकडा वाढला.

तीन-चार दिवसांत पोर पुन्हा निळी पडली. आधीपेक्षा जास्त.

तानाबाईनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या. "नजर लागलीया. पेठंतल्या बाया काय कमी हाईत?"

हंबीरराव मात्र विचार करून करून दुसऱ्याच निकालावर आले.

"नजर न्हवं. पाणी. घोडं नव्या पाण्यावर न्हेलं तर दोन दिस तोंड लावत न्हाई. हे तर तान्हं मूल. हितलं सोडून तितलं पाजलं, परत हितलं. आतडी बावचळली पोरीची. ह्याच्या फुडं पोर कुटंबी न्ह्यायची झाली तर पाणी आपलंच न्ह्यायचं. भाईरचा थेंबसुदिक द्यायचा न्हाई. कळलं?"

"कळलं," तानाबाई म्हणाली.

आणि ते घागर दुप्पट निगुतीनं आटवायला लागले.

मास्तरांनी ते पोर पाहिलं नव्हतं. पडद्याआडून ताट तेवढं दिसतं. पण त्या बुधवारी हात धुऊन ते बोळात उतरले, तर भिंतीशी उन्हाच्या पट्ट्यात बाळाबाई मुलीला घेऊन उभी होती. पोर थंड पडते म्हणून ऊन द्यायला आणली होती. मास्तरांनी वाकून बघितलं. जांभळं खाल्ल्यासारखे ओठ.

"किती दिवस असं आहे?"

"दूध लावल्यापास्नं," बाळाबाई पदर सावरत म्हणाली. "का ओ? तुमी वैद हाय का?"

मास्तर तसेच उलटे फिरले. कॉलेजच्या वाचनालयात एका विलायती मासिकात त्यांनी वाचलं होतं, अमेरिकेतल्या शेतांवरच्या विहिरी, आणि त्यांच्या पाण्यावर वाढवलेली निळी मुलं. वाचलं, मौज वाटली, पान उलटलं. घराच्या पुढच्या बाजूचं शास्त्र मागच्या बाजूला लागू पडेल, हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं.

"हंबीरराव, नातीला कुठलं पाणी घालता?"

"दुसरं कुटलं? आपलं."

"आजपासून बंद करा. मांसातलं ते लाल द्रव्य आणि रक्तातलं लाल द्रव्य सख्खी भावंडं. एवढ्याशा पोराच्या पोटात सोऱ्याचं विष होतं आणि ते रक्तातल्या लोखंडाला गाठतं. मटणाचा नुसता रंग बदलतो. रक्ताचं कामच बंद पडतं. श्वास आत जातो, पण रक्त तो उचलत नाही. मूल जागच्या जागी गुदमरतं."

"आमी समदी तेच पितोय की! तालीम पितीया."

"मोठ्यांना बाधत नाही. तान्ह्याला बाधतं."

"मास्तर, उलटं सांगू नगा. पाणी बदललं म्हणूनच पोर बिगडली. बिद्रीला—"

"बिद्रीला कशी होती?"

हंबीरराव थांबले. "तांबडी."

"आणि इथं आल्यावर?"

हंबीररावांनी मागच्या दाराकडं बघितलं. मग जरा अजिजीनं म्हणाले, "पर मी तर आटवून देतो. नुसतं उकळून न्हवं. घागरीचा तांब्या करतो."

मास्तरांचा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला.

"हंबीरराव," मास्तर सावकाश म्हणाले, "रश्शात मीठ जास्त झालं, तर तुम्ही तो आटवता का?"

आचाऱ्याला यापुढं सांगावं लागत नाही. हंबीररावांनी भिंतीला हात टेकला. घागरीतलं पाणी उडून जातं आणि तळाशी काय राहतं, हे त्यांच्याइतकं पेठेत कुणाला ठाऊक होतं? आणि तेच त्यांनी गाळून, फुंकर मारून, दुधात घातलं होतं.

"आत्ता पाठवा बिद्रीला," मास्तर म्हणाले. "तिथलं पाणी द्या. आठ दिवसांत खेळेल. घरात मी समजावून सांगू का?"

"तुमी?" हंबीरराव कसंनुसं हसले. "तुमी कुटं भेटलासा म्हणून सांगणार?"

मास्तरांनी पडद्याकडं बघितलं. "मग तुम्ही सांगा."

"सांगतो."

ते मागं गेले. तानाबाई भाकरी थापत होती. बाळाबाई पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, पोरीच्या छातीचा भाता हलत होता. सांगायचं एवढंच होतं, की पाणी वाईट आहे, आणि मी ते जास्त वाईट केलं. तोंडापर्यंत आलेलं वाक्य हंबीररावांनी चवीला घेतल्यासारखं घोळवलं आणि गिळलं. हाताचा गुण म्हणून ज्या हाताकडं बोट दाखवत आलो, तोच हात बायकोपुढं आणि सुनेपुढं कसा उघडा करायचा? पोर बरी झाली की झालं. कारण कशाला सांगायला हवं, असा त्यांनी हिशेब केला. हिशेब दिसायला चोख होता.

"उद्या उजाडायला पोरीला घिऊन बिद्रीला जावा दोघीबी. हवापालट."

"आवो, परवाच तर आलाव. तुमीच म्हनलासा—"

"सांगितलं तेवढं कर."

त्या घरात या वाक्यापुढं कधी कुणी काही विचारलं नव्हतं. तानाबाईनंही विचारलं नाही.

पहाटे हंबीरराव बकऱ्याच्या बाजाराला गेले. परत आले तेव्हा गाडी निघून गेली होती. चुलीवरचं आटवायचं भांडं रिकामं, पालथं घातलेलं होतं. 'बरं झालं, ओतून दिलं,' ते मनाशी म्हणाले. विहिरीवरच्या दोन कळश्या दिसल्या नाहीत, पण बायका माहेरी निघाल्या की घरातलं काय काय दिसेनासं होतं याची यादी कोण करतो!

ते दिवस हंबीररावांचे फार बरे गेले. पोरगी आता तांबडी झाली असेल, आता मामाच्या मिश्या ओढत असेल. बुधवारी पडद्याआड ताट ठेवताना हळूच म्हणाले, "गेली बिद्रीला."

"उत्तम," मास्तर म्हणाले. त्यांनाही हलकं वाटलं. रस्सा पुन्हा मागितला.

दुसऱ्या दिवशी भर पंगतीत बाळाबाईचा भाऊ जोतीराम सायकलवरून आला. धुळीनं भरलेला. दारातच उभा राहिला.

"पावणं, चला."

"काय झालं?"

"चला तुमी."

बिद्रीला पोचले तेव्हा माणसं जमली होती. पोर मधल्या घरात, जुन्या लुगड्याच्या घडीत. ओठांचा रंग आता बघवत नव्हता. एवढंसं तोंड, आणि त्यावर कुणीतरी लावलेली मोठी तीट. तानाबाई त्यांना बघून उठली आणि रडत रडत, पण नेमकेपणानं, सगळं सांगायला लागली. नवऱ्यापुढं कामाचा झाडा द्यावा तसं.

"काय कमी न्हाई केलं ओ. आदल्या दिशी तुमी फुडं निजला हुतासा, तवा रातभर जागून दोन कळश्या आटवून घेतल्या. तुमी सांगितलंतं तसंच. मांडीवर धरून आणल्या गाडीत, हिंदकळू दिल्या न्हाईत. हितला थेंब दिला न्हाई पोरीला. शेवटपतुर आपलंच पाणी दिलं."

कोपऱ्यात दोन कळश्या होत्या. तोंडाला स्वच्छ पांढरं फडकं बांधलेलं. एक रिकामी, एक निम्मी.

हंबीरराव खाली बसले. कुणीतरी त्यांना प्यायला पाणी दिलं, बिद्रीच्या विहिरीचं. ते हातात धरून बसले.

माणसं बाहेर तयारीला लागली. बाळाबाई भिंतीशी बसली होती. आता ती सरकत सरकत सासऱ्यापाशी आली. सासऱ्यासमोर ती कधी मान वर करून बोलली नव्हती.

"मामंजी, एक इचारू?"

"बोल पोरी."

"काल लई घाबरी झालती. डोळं फिरवाय लागली. माज्या मनात आलं, मागच्या बारीला हितलं पाणी पिऊन कशी खेळत हुती. वाटीभर द्यावं. वाटी भरून आणलीबी हुती. आत्याबाईंनी हात धरला. म्हनल्या, त्यांनी न्हाई म्हनून सांगितलंय." तिनं पदर तोंडात कोंबला, मग काढला. "खरं सांगा. द्याय पायजे हुतं का मी? दिलं असतं तर ऱ्हायली असती का?"

तानाबाई पलीकडून बघत होती. सुनेला अडवणारा तिचा तो हात मांडीवर पडला होता.

हंबीररावांनी दोघींकडं बघितलं. खरं बोलावं तर ही एक वाटी सुनेच्या आणि तो एक हात बायकोच्या जन्माला पुरणार होता. खोटं बोलावं तर सगळं त्यांच्या एकट्याच्या नावावर राहणार होतं, आणि ते कुणाला कधी दिसणारही नव्हतं. दया किती आणि भीती किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"न्हाई," ते म्हणाले. "न्हाई दिलंस ते बरं केलंस."

बाळाबाईनं मान हलवली. एकदा, दोनदा. मग कितीतरी वेळ हलवतच राहिली.

पेठेत माधव मास्तरांना कळलं तेव्हा त्यांची समजूत झाली, की हंबीररावांनी ऐकलं नाही. अडाणी माणूस, असं मनाशी म्हणून त्यांनी बोळातून येणं सोडलं. खानावळ चालत राहिली. हंबीरराव मटण आता पेठेत नव्यानं आलेल्या नळाच्या पाण्यात मुरवायला लागले. तुकडे करडे निघाले. गिऱ्हाइकं म्हणाली, नातीच्या दुःखानं म्हाताऱ्याचा हात गेला. त्यांनी तेही मान्य केलं.

पुढच्या महिन्यात शेजारची धोंडुबाई बाळंत झाली. तिच्या घरी पाणी अजून याच विहिरीचं. बाळाबाई बारशाला गेली नाही. अशा बाईनं जायचं नसतं. पण भिंतीपलीकडून धोंडुबाईनं विचारलं, पोर घेऊन माहेरी जाऊ का, तेव्हा तिनं हातातलं काम ठेवलं आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"जावा की. पर पाणी आपलं घिऊन जावा," ती म्हणाली. "मी पाळलंतं. माजं नशीब खोटं निघालं, पर मामंजी सोता म्हनले, बरं केलंस."

हंबीरराव चुलीपुढं बसले होते. त्यांनी ऐकलं. त्यांनी लाकूड पुढं सारलं.